सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताना: साधं मॉडेल की 'एस'?

नवी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यासमोर प्रश्न सोपा असतो. साधं मॉडेल स्वस्त, जास्त ताकदीचं महाग, मधला फरक परवडतो की नाही एवढंच पाहायचं. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी झाली की हे गणित फिरतं. जुनं ताकदवान मॉडेल आणि नंतरच्या वर्षांतलं साधं मॉडेल एकाच भावात मिळायला लागतात. तिथे बहुतेक नवखे मागच्या बिल्ल्यावरचं अक्षर पाहून निर्णय घेतात आणि पुढे गॅरेजच्या खेपा घालतात.

या लेखात उदाहरण म्हणून मुख्यतः पोर्शे बॉक्स्टर आणि तिची बंद छताची बहीण केमन घेतली आहे. साधं मॉडेल आणि 'एस', म्हणजे त्याच गाडीचं जास्त ताकदीचं रूप, यांतला फरक या गाड्यांमध्ये स्वच्छ दिसतो, आणि त्यांची दुखणी आता सगळ्यांना ठाऊक झाली आहेत. गाडी दुसरी असली तरी पायऱ्या याच.

पायरी १: ताकद नेमकी कुठे लागणार ते ठरवा

रोज ऑफिसला जायचं, आठवड्याला एकदा घाटरस्ता, की महिन्याला एकदा ट्रॅक? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. जाहिरातीतल्या अश्वशक्तीच्या आकड्याने फारसं काही कळत नाही. तो आकडा वजनाने भागून पाहा आणि शेजारी टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, लिहा.

पहिल्या पिढीची बॉक्स्टर, म्हणजे ९८६, घ्या. सन २००० च्या मॉडेलपासून साध्या गाडीत २.७ लिटरचं २२० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) इंजिन आलं आणि 'एस'मध्ये ३.२ लिटरचं २५२ पीएसचं. वजनं साधारण १२६० आणि १२९५ किलो. टनामागे हिशेब केला तर १७५ विरुद्ध १९५ पीएस, म्हणजे साधारण ११ टक्क्यांचा फरक. शून्य ते १०० किमीला कंपनीचे आकडे ६.६ आणि ५.९ सेकंद. टॉर्क मात्र २६० विरुद्ध ३०५ न्यूटन-मीटर, म्हणजे १७ टक्के जास्त. अर्थ असा की 'एस'चा खरा फायदा ३००० आरपीएमच्या आसपास, गिअर न बदलता ओव्हरटेक करताना कळतो. इंजिन वरपर्यंत ताणून चालवणाऱ्याला साधं मॉडेल कमी पडलं असं क्वचितच वाटतं. उलट ते पूर्ण ताणायची संधी जास्त वेळा मिळते. 'एस'चा दुसरा गिअर नीट संपवेपर्यंत साध्या रस्त्यावरची वेगमर्यादा केव्हाच मागे पडलेली असते.

पायरी २: फरकांची यादी काढा, भागांसकट

'एस' म्हणजे तीच गाडी, फक्त इंजिन मोठं, असा समज असतो. तो चुकीचा आहे. ९८६ मध्ये काय काय बदलतं ते पाहा: साध्या मॉडेलला पाच गिअर, 'एस'ला सहा. पुढची ब्रेक डिस्क २९८ मिलिमीटरऐवजी ३१८, आणि जाडीलाही जास्त. चाकं १६ इंचांऐवजी १७. मॅन्युअल गिअरच्या साध्या गाडीत पुढे दोन रेडिएटर, 'एस'मध्ये मधोमध तिसरा. सायलेन्सरची नळी एकाऐवजी दुहेरी. यातला प्रत्येक भाग पुढे कधीतरी बदलायचा आहे आणि बहुतेक वेळा 'एस'चा भाग महाग पडतो. मोठ्या चाकाचा टायर महाग, मोठी डिस्क महाग, तिसरा रेडिएटर म्हणजे गंजायला आणखी एक जागा.

तुमच्या मनात दुसरी गाडी असेल तर हीच यादी तिच्यासाठी काढा. फरक कधीकधी अनपेक्षित ठिकाणी निघतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीत ३३०सीआयचं २३१ पीएसचं इंजिन हायड्रॉलिक टॅपेटचं आहे, त्याच्या व्हॉल्व्हना सेटिंग लागत नाही. एम३ चं ३४३ पीएसचं इंजिन ८००० आरपीएमपर्यंत जातं, पण त्याच्या व्हॉल्व्हचं अंतर ठरावीक काळाने मोजून शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून जुळवावं लागतं. शिवाय त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर लक्ष ठेवावं लागतं. एम३ घेणाऱ्याने मेकॅनिकला पहिला प्रश्न 'व्हॉल्व्ह कधी सेट केले' हाच विचारावा. मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सबफ्रेमजवळ फ्लोअरला तडे जाण्याचं दुखणं मात्र दोघींना आहे, तिथे साधं मॉडेल घेऊन सुटका नाही.

पायरी ३: नंतर काय बसवता येईल?

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर 'नंतर जमेल' किंवा 'जमणार नाही' असं लिहा. ब्रेक पॅड, चांगलं ब्रेक ऑइल, शॉक अब्सॉर्बर, टायर, अँटीरोल बार, सीट, सायलेन्सर हे सगळं नंतर जमतं. साध्या मॉडेलच्या जुन्या, थकलेल्या शॉकच्या जागी नवे चांगले शॉक आणि नवे टायर घातले की ती गाडी थकल्या सस्पेन्शनच्या 'एस'ला वळणावर सहज मागे टाकते. फॅक्टरीत बसवलेले शॉक इतक्या वर्षांनी मूळ दमाचे राहत नाहीत, मग मॉडेल कुठलंही असो.

इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग नंतर जमत नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण खर्च मोठ्या मॉडेलच्या किमतीच्या पुढे जातो आणि विकताना त्यातलं काही परत येत नाही. साध्या मॉडेलला टर्बो बसवून 'एस'पेक्षा जास्त ताकद काढण्याचे बेत कागदावरच ठेवलेले बरे. ताकदच हवी असेल तर ती फॅक्टरीतून आलेलीच घ्या.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारा भाग, या दोन्हींच्या मध्ये पडतं. बसवता येतं, पण बॉक्स्टरमध्ये त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो. माझदा एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीत, म्हणजे एनडीमध्ये, काही देशांत ते फक्त २.० लिटरच्या मॉडेलात येतं. ट्रॅकवर जाणाऱ्याला १.५ आणि २.० यांतला हा फरक अश्वशक्तीपेक्षा जास्त जाणवेल. रस्त्यावर चालवणाऱ्याला १.५ चं हलकं, ७५०० आरपीएमपर्यंत धावणारं इंजिन जास्त गोड वाटण्याची शक्यता आहे.

पायरी ४: बिल्ल्याआधी इंजिनाची पिढी पाहा

सगळ्यात जास्त पैसा या पायरीवर वाचतो किंवा बुडतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

बॉक्स्टरच्या पहिल्या इंजिनांना एम९६ म्हणतात आणि त्यानंतरच्या सुधारित इंजिनांना एम९७. दोन्हींत एक इंटरमीडिएट शाफ्ट असतो. क्रँकची गती साखळीमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे नेण्याचं काम तो करतो. त्याच्या एका टोकाचं बॉल बेअरिंग सीलबंद आहे. काही वर्षांनी सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, पण पुरेसं ताजं ऑइल आत येत नाही. बेअरिंग निकामी झालं की साखळीचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं, ते तुलनेने टिकतं. सन २००० च्या सुमाराला एकेरी रांगेचं, लहान बेअरिंग आलं आणि २००५ पर्यंत चाललं. सगळ्यात कच्चं हेच. २००६ ते २००८ च्या गाड्यांत मोठं बेअरिंग आहे. ते क्वचित जातं, पण इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००५ च्या गाड्या संक्रमणाच्या काळातल्या. गिअरबॉक्स उतरवून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते खात्रीने सांगता येत नाही.

हे दुखणं साध्या मॉडेलला आणि 'एस'ला सारखंच आहे. त्यामुळे २००० ते २००५ मधली गाडी पाहताना बिल्ला विसरा आणि बेअरिंग बदलल्याचं बिल मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि कुठलं बेअरिंग घातलं हे तिन्ही हवं. बदललेलं नसेल तर क्लचच्या कामासोबतच ते करून घ्यायचं, कारण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्याच वेळी क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदलावं. या तिन्हींचा खर्च गाडीच्या भावातून वजा करून बोलणी करा.

दुसरं दुखणं मात्र मॉडेलनुसार बदलतं. ते म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडणं. २.७ लिटरच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८५.५ मिलिमीटर आहे, ३.२ चा ९३ आणि ३.४ चा ९६. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तिघांचा एकच, ७८ मिलिमीटर. म्हणजे क्षमता वाढवली ती बोअर रुंदावून, आणि तेवढ्यात सिलिंडरच्या भिंतींना जागा कमी उरली. पिस्टनच्या बाजूचा लेप झिजून सुटला की धातूवर धातू घासतो. थंडीत सुरू करून लगेच ताणलेली, सतत पाच-सात किलोमीटरच्याच फेऱ्या मारणारी गाडी यात आधी सापडते, कारण थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. याच्या तक्रारी ३.४ लिटरच्या एम९७ मध्ये, म्हणजे २००६ ते २००८ च्या केमन एस आणि २००७-०८ च्या बॉक्स्टर एसमध्ये, ठळक आहेत. २.७ मध्ये हे दुखणं फार कमी दिसतं. म्हणजे याच वर्षांत कागदावर कमकुवत असलेलं मॉडेल इंजिनाच्या बाबतीत जास्त निर्धास्त आहे.

२००९ च्या मॉडेलपासून चित्र पालटतं. नव्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टच नाही. साध्या मॉडेलला २.९ लिटरचं इंजिन आलं, बॉक्स्टरमध्ये २५५ पीएस आणि केमनमध्ये २६५. 'एस'ला थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं ३.४ लिटरचं, ३१० आणि ३२० पीएसचं. साध्यालाही सहा गिअर मिळाले. त्यामुळे २००७ ची २९५ पीएसची 'एस' आणि २००९ ची २५५ पीएसची साधी बॉक्स्टर एकाच भावात समोर आली, तर आम्ही दुसरी घ्यायला सांगू. गेलेली ४० पीएस अधूनमधून आठवेल. इंजिनात काय चाललं असेल ही धाकधूक मात्र रोज सोबत राहिली असती. २००९ नंतरची 'एस' परवडत असेल तर तिच्याविरुद्ध म्हणण्यासारखं फार काही नाही.

इतर गाड्यांतही अशी 'पिढीची रेघ' असते. ती शोधा. कुठल्या वर्षी इंजिन बदललं, कुठल्या वर्षी गिअरबॉक्स मजबूत झाला, हे कळलं की अर्धा निर्णय झाला. कधी ही रेघ वर्षांत नसून मॉडेलांत असते. शेवरोले कॉर्व्हेटच्या सी६ पिढीत ६.२ लिटरची साधी गाडी ४३० अश्वशक्तीची, तर ७.० लिटरची झी०६ ५०५ ची. पण झी०६ च्या इंजिनात व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हला सरळ ठेवणारी नळी, झिजण्याचं दुखणं आहे, आणि त्याची तपासणी किंवा हेडचं काम झाल्याचा पुरावा मागावाच लागतो. तिचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे पातळी इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच बघायची. थंड इंजिनावर पाहून वर ऑइल ओतत बसणारे मालक याच गाडीला भेटतात.

पायरी ५: समोरची गाडी खरंच 'एस' आहे का?

बिल्ला चिकटवायला पाच मिनिटं लागतात. लाल कॅलिपर रंगाच्या डब्यातून येतात. म्हणून मागचं अक्षर आणि कॅलिपरचा रंग दोन्हीकडे दुर्लक्ष करा.

पुढच्या बॉनेटखालचं फॅक्टरीचं स्टिकर पाहा. त्याचीच प्रत सर्व्हिस बुकात असते. त्यावर चॅसी नंबर आणि ऑप्शनचे कोड असतात. चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी आणि कागदपत्रांशी ताडून पाहा. मग गाडी लिफ्टवर घ्या आणि इंजिनावरचा नंबर वाचा. ९८६ मध्ये एम९६.२२ आणि एम९६.२३ ही २.७ लिटरची इंजिनं, एम९६.२१ आणि एम९६.२४ ही ३.२ लिटरची. याचा दुसरा उपयोग असा की इंजिन मधे कधी बदललं असेल तर इथेच उघडं पडतं. बदललेलं इंजिन हा दोष नाही, पण त्याची बिलं नसतील तर आहे. शेवटी टेप घेऊन पुढची डिस्क मोजा. ३१८ च्या जागी २९८ निघाली तर मालकाला पुढचा प्रश्न काय विचारायचा ते तुम्हाला सुचेलच.

पायरी ६: तपासणी, याच क्रमाने

मालकाला आधीच सांगा की तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागलं तर त्यामागे काहीतरी कारण आहे.

थंड इंजिन सुरू करताना एक माणूस मागे उभा करा. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात रात्रभर थोडं ऑइल साचतं, त्यामुळे सुरुवातीला निळसर धुराचा एक भपका येऊन विरला तर घाबरू नका. पांढऱ्या धुराचा लोटच्या लोट थांबेना तर ऑइलची वाफ वेगळी करणारा सेपरेटर फाटलेला असण्याची शक्यता जास्त. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचा प्रयत्न करा. ते आत ओढल्यासारखं घट्ट बसलं असेल तर संशय पक्का. ही दुरुस्ती त्यामानाने छोटी आहे, पण विक्रेत्याला ते माहीत असेलच असं नाही, म्हणून भावात धरा.

इंजिन गरम झाल्यावर कान द्या. एका बाजूने शिलाई मशीनसारखी लयबद्ध टिकटिक येत असेल, नळीत काळा काजळीचा थर असेल आणि मालक 'मधून मधून थोडं ऑइल घालतो' म्हणत असेल, तर हे तिन्ही मिळून ओरखड्यांकडे बोट दाखवतात. ३.४ लिटरची एम९७ असेल तर हे काही नसलं तरी प्लग काढून कॅमेरा आत सोडून घ्या. पिस्टन पूर्ण खाली आणल्याशिवाय भिंत दिसत नाही, म्हणून क्रँक हाताने फिरवत एकेक सिलिंडर पाहावा लागतो. सहाही पाहा, ४ ते ६ या बाजूला जास्त वेळ द्या. घाईत दोनच सिलिंडर पाहून 'ठीक आहे' म्हणणारा मेकॅनिक फुकटही महाग.

ऑइल फिल्टर उघडायला मालक तयार असेल तर कागदाच्या घड्या पसरवून बघा. चुंबकाला चिकटणारे कण बेअरिंगकडचे असू शकतात, न चिकटणारी चकाकी ॲल्युमिनियमची, आणि प्लॅस्टिकचे तपकिरी तुकडे साखळीच्या गाइडचे. पहिले दोन दिसले तर बोलणी तिथेच संपवा.

मग कॉम्प्युटर जोडा. नुसते एरर कोड वाचून समाधान मानू नका, ओव्हर-रेव्हची नोंद मागा. मर्यादेपुढे इंजिन कितीदा फिरलं हे आरपीएमच्या पट्ट्यांनुसार साठवलेलं असतं. ९८६ मध्ये दोन पट्टे, पुढच्या गाड्यांत सहा. खालच्या पट्ट्यांतले आकडे म्हणजे कुणीतरी लिमिटरपर्यंत, म्हणजे इंजिनाचा वेग रोखणाऱ्या यंत्रणेपर्यंत, ताणली, त्यात विशेष काही नाही. वरच्या पट्ट्यांतले आकडे मात्र चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर टाकल्याशिवाय येत नाहीत, कारण लिमिटर तिथपर्यंत जाऊच देत नाही. तिथे नोंद असेल तर ती किती तासांपूर्वीची आहे ते एकूण तासांशी ताडून पाहा. जुनी असेल आणि त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल तर तिने परीक्षा दिली म्हणायची. गेल्या काही तासांतली असेल तर सोडून द्या. ताकदवान मॉडेलांत ही तपासणी जास्त महत्त्वाची, कारण ट्रॅकवर जास्त करून तीच नेली जातात.

बाकीचं पटापट: बंपरच्या जाळीतून रेडिएटरपुढे अडकलेला पालापाचोळा पाहा, तो ओला राहून रेडिएटर खातो. बॉक्स्टरच्या छताचे निचऱ्याचे मार्ग तुंबले की पाणी सीटखालच्या कंट्रोल युनिटवर जातं आणि गाडी चावीच ओळखेनाशी होते. म्हणून गालिचा हाताने दाबून ओलावा तपासा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर एकाच कंपनीचे नसतील तर मालकाने आणखी कुठे काटकसर केली असेल याचा अंदाज बांधा.

पायरी ७: पैशाचा हिशेब

गाडीचा भाव उतरला म्हणून तिच्या भागांचा भाव उतरत नाही. गाडी नवी असताना ज्या वर्गात होती, त्याच वर्गाचे भाग आजही लागतात. 'एस'चा भाव साध्या मॉडेलच्या जवळ आला तरी तिची डिस्क आणि तिचे टायर 'एस'च्याच दरात येतात.

तीन रकमा लिहा: गाडीचा भाव, तपासणीत निघालेलं काम, आणि त्यावर भावाच्या किमान पाचव्या हिश्शाएवढी राखीव रक्कम. ही बेरीज तुमच्या एकूण पैशांत बसत नसेल तर एक मॉडेल खाली या. सगळे पैसे 'एस'वर लावून पहिल्या क्लचला हात आखडता घेणं हा या व्यवहारातला नेहमीचा घोळ आहे. विम्याचा हप्ता दोन्ही मॉडेलांसाठी आधीच विचारून घ्या. इंजिनाच्या क्षमतेवर कर असेल तिथे तोही.

पायरी ८: दोन्ही चालवा, आधी साधी

क्रम महत्त्वाचा आहे. 'एस' आधी चालवली की साधी सुस्त वाटणारच. साधी आधी चालवा, किमान अर्धा तास, आणि इंजिन गरम झाल्यावर एकदा तरी तिसऱ्या गिअरमध्ये लाल रेघेजवळ न्या. मग त्याच रस्त्यावर 'एस'. दोन्हींच्या टायरमधली हवा आधी सारखी नीट भरून घ्या, नाहीतर तुलना गाड्यांची न होता हवेची होईल. टायर जुने, कडक झालेले असतील तर तेही मनात धरा.

'एस'मधून उतरल्यावर स्वतःला विचारा की साधी चालवताना नेमक्या कुठल्या क्षणी काही कमी पडलं होतं. तो क्षण सांगता आला, जसं की चढावरचं ओव्हरटेक किंवा सलग ब्रेक मारल्यावर मऊ पडलेलं पेडल, तर 'एस'साठी ज्यादा पैसे मोजायला कारण आहे. पेडलचं कारण असेल तर मात्र आधी पायरी ३ कडे परत जा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि विकायला काढलेल्या गाडीत ते बदललेलं असण्याची शक्यता कमीच. ताज्या ऑइलवर तीच गाडी पुन्हा एकदा चालवून मग ठरवा.